उन्हाशिवाय वाढणारी प्रवाळं आणि निमाडातला समुद्र

शुक्रवार : इंदूर, धार, मांडव

धार रोडला बेटमा मागे पडलं की दोन्ही बाजूंना माळव्याची काळी जमीन पसरते. नोव्हेंबरचे दिवस, सोयाबीन निघून गेलेलं, गव्हाच्या पेरण्यांची लगबग चाललेली. ही काळी माती ज्या काळ्या दगडाची झाली, तो दगड म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी वाहिलेला लाव्हा. इंदूरचा राजवाडा, मांडवचे महाल, आमचं रामबागेतलं घर, सगळं याच लाव्ह्यावर उभं आहे. पण धार जिल्ह्याच्या दक्षिण अंगाला विंध्याचा कडा तुटतो आणि निमाड सुरू होतं. तिथे नद्या-नाल्यांनी हा लाव्हा कापून काढला आहे आणि खालचे थर उघडे पडले आहेत. ते थर समुद्राच्या तळाचे आहेत. आम्ही ते बघायला निघालो होतो.

आम्ही म्हणजे मी, आमचे हे आणि माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी ऋता. ऋता नॉर्वेत बर्गनला सागरी भूशास्त्रात काम करते. तिचा विषय खोल पाण्यातल्या प्रवाळभित्ती. दिवाळीला घरी आली तेव्हा फराळ करता करताच म्हणाली, "मावशी, कुठून कुठून अभ्यासक बाग गावाकडचे थर बघायला येतात आणि आपण इंदुरात असून गेलो नाही. या खेपेला जाऊच." मी शाळेत जीवशास्त्र शिकवते. पुस्तकात प्रवाळ म्हटलं की उथळ, कोमट, उन्हाने उजळलेलं पाणी येतं, लक्षद्वीप येतं, अंदमान येतं. जगातल्या ज्ञात प्रवाळ जातींपैकी निम्म्याहून जास्त जाती खोल पाण्यात राहतात, ही गोष्ट त्या धड्यात कुठेच नाही. वर्गात सांगायला काहीतरी डोळ्यांनी बघितलेलं हवं होतं, म्हणून मी लगेच होकार दिला.

सकाळी पोहे-जिलबी खाऊन निघालो, धारला चहा घेतला आणि दुपारच्या आत मांडवला पोचलो. जहाज महाल, हिंडोला महाल यांच्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे, मी इथे थांबत नाही. रूपमतीच्या मंडपाबद्दल मात्र सांगायला हवं.

मंडप अगदी कड्याच्या टोकाशी आहे. दक्षिणेकडे तोंड करून उभं राहिलं की पायाखालून डोंगर तुटतो आणि हजारेक फूट खाली निमाडचं मैदान दिसतं. हवा निवळ असली तर नर्मदा दिसते, त्या दिवशी धुरकट होतं. ऋता कठड्याशी उभी राहून बराच वेळ खाली बघत होती. मग म्हणाली, "मावशी, इथून ती खालची शेतं जेवढी खोल दिसतायत ना, जवळजवळ तेवढ्याच खोलीवर नॉर्वेतली रॉस्टची प्रवाळभित्ती आहे. म्हणजे पाण्याचा पृष्ठभाग इथे आपल्या पायाशी, आणि भित्ती तिथे, त्या कापसाच्या शेतात."

मी आजवर पुस्तकात ३०० मीटर, ४०० मीटर असे आकडे वाचले होते. त्या कठड्यावरून ते पहिल्यांदा डोळ्यांना दिसले. एवढ्या पाण्याखाली सूर्याचा उपयोगी पडेल असा प्रकाश पोचत नाही. उथळ पाण्यातल्या प्रवाळाच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं आणि उन्हावर तयार केलेलं अन्न त्याला पुरवतं. खोल पाण्यातल्या प्रवाळाकडे हा आधारच नाही. वरून जे गळून पडेल आणि प्रवाहाबरोबर जे वाहत येईल, ते आपल्या स्पर्शकांनी पकडायचं आणि जगायचं. पाणी ४ ते १२ अंश सेल्सिअस. अशा ठिकाणी किलोमीटरच्या किलोमीटर लांबीच्या भित्ती उभ्या राहतात, हे खरं कसं, हाच आमच्या पुढच्या सगळ्या बोलण्याचा विषय झाला.

आणि समोरच्या निमाडात तर खरोखरच समुद्र होता. सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी, भारत विषुववृत्ताच्या बराच दक्षिणेला असताना, पश्चिमेकडून पाण्याची एक लांब पट्टी आजच्या नर्मदेच्या खोऱ्यातून आत शिरली होती. तो समुद्र मात्र रॉस्टसारखा खोल नव्हता, उथळ होता. हा फरक दुसऱ्या दिवशी फार कामी आला.

रात्री जेवणं झाल्यावर ऋताने लॅपटॉप उघडला. दूरनियंत्रित पाणबुडीने टिपलेली दृश्यं होती. आधी नुसता राखाडी चिखल, त्यावर दिव्याचा गोल. मग एक दगड. मग एकदम पांढरं रान. फांदीतून फांदी फुटलेली, प्रत्येक फांदीच्या टोकाशी सेंटिमीटरभर रुंदीची वाटी, वाटीतून बाहेर पसरलेले पारदर्शक स्पर्शक. काही वसाहती पांढऱ्याशुभ्र, काही गुलाबी. मधूनच एक लाल मासा फांद्यांच्या आडोशाला निवांत थांबलेला. हे प्रवाळ म्हणजे लोफेलिया. लिनियसने १७५८ साली त्याची नोंद केली होती. आता जनुकीय अभ्यासावरून त्याला डेस्मोफायलम पर्टुसम म्हणतात, पण ऋता आणि तिचे सहकारी बोलताना अजून लोफेलियाच म्हणतात. नॉर्वेच्या कोळ्यांना ते शतकानुशतकं माहीत आहे, कारण गळ आणि जाळी त्यात अडकतात. रॉस्टची भित्ती मात्र २००२ साली सापडली. सुमारे ३५ किलोमीटर लांब.

"सुरुवात कशी होते?" मी विचारलं.

"कठीण जागेपासून," ती म्हणाली. प्रवाळाच्या अळ्या पाण्यात आठवडेच्या आठवडे तरंगत असतात, पण मऊ चिखलावर बसून त्यांना वाढता येत नाही. दगड हवा, शिंपला हवा, मेलेल्या प्रवाळाचा तुकडा हवा, काहीतरी घट्ट हवं. नॉर्वेच्या किनाऱ्याजवळ ही सोय हिमयुगाने करून ठेवली. मोठमोठे हिमनग समुद्राच्या तळाला घासत गेले, तळात लांब चर पडले, चरांच्या कडांना दगडधोंड्यांचे बांध उठले. हिमयुग ओसरलं, पाणी थोडं उबलं, अटलांटिकमधून वाहणारा प्रवाह त्या बांधांवरून जाऊ लागला आणि अळ्या नेमक्या त्या बांधांवर बसल्या. नकाशावर आज प्रवाळाच्या रांगा बघितल्या तर खालचे जुने चर ओळखता येतात.

बांध लागतो तो उंचीसाठीही. तळाला लागून पाणी मंद वाहतं, उंचवट्यावरून ते वेगाने जातं. वेग म्हणजे जास्त अन्न. म्हणून या भित्ती कड्यांच्या कडांवर, समुद्रातल्या डोंगरांवर, सामुद्रधुनीच्या उंबऱ्यांवर सापडतात.

"म्हणजे उन्हाची जागा प्रवाहाने घेतली," मी म्हणाले. तिने मान डोलावली. "पण अर्धीच गोष्ट झाली. उरलेली उद्या दगडावर दाखवते."

शनिवार : जीराबाद, चिराखान, मनावर

सकाळी मांडव उतरलो, धारच्या बाजूने घाट उतरून निमाडात आलो. हवा बदलली, झाडं बदलली, कापूस वेचायला लागलेली माणसं दिसायला लागली. जीराबादजवळ मान नदीवर धरण आहे. त्याच्या आसपासच्या नाल्यांतून, टेकाडांच्या पायथ्याशी आमचं काम होतं. गावात विचारलं तर एक भिलाला दादा आपणहून बरोबर आले. त्यांना आमच्या दगडांचं नवल वाटलं नाही. पुण्याहून, कोलकात्याहून, परदेशातून येणारे लोक असेच नाल्यात ओणवे होऊन बघतात, हे त्यांना लहानपणापासून माहीत होतं.

या थरांची पहिली नीट मांडणी भूशास्त्रज्ञ प्रमथनाथ बोस यांनी १८८४ साली केली. पुढे १९०४ साली जमशेटजी टाटांना मयूरभंजच्या लोखंडाबद्दल पत्र लिहिणारे बोस ते हेच. त्यांनी बागच्या थरांचे खालून वर तीन भाग पाडले: गाठाळ चुनखडक, देवला-चिराखानचा मार्ल आणि वरती प्रवाळी चुनखडक. मार्ल म्हणजे चुनखडीमिश्रित चिकणमाती. देवला आणि चिराखान ही इथलीच गावं. आणि मराठी वाचकाला विशेष सांगावंसं वाटतं ते जी. डब्ल्यू. चिपळूणकरांबद्दल. त्यांनी १९३० च्या दशकापासून बागच्या जीवाश्मांचा अभ्यास केला. इथल्या एका शिंपलीवजा प्राण्याच्या प्रजातीला त्यांनी माल्विरिंकिया असं नाव दिलं, आपला माळवा त्या नावात कायमचा बसला. नंतर पुण्यात त्यांनी आणि आर. एम. बडव्यांनी हे काम पुढे नेलं. इंदुरात किती मराठी घरांना हे ठाऊक असेल?

पहिला थांबा गाठाळ चुनखडकापाशी. पांढुरका, बारीक कणांचा दगड, त्यात बोटभर-मूठभर गाठी. त्याच्या एका सपाट थरावर ऋताने हात फिरवायला सांगितला. पृष्ठभाग खडबडीत, त्यात नळ्यांसारखी वेडीवाकडी बिळं, बुजून गेलेली. "इथे चिखल साचणं काही काळ थांबलं. तोपर्यंत तळ घट्ट झाला. मग ज्यांना घट्ट जागा लागते ते प्राणी येऊन बसले." काल रात्रीची गोष्ट इथे पायाखाली होती. समुद्र थंड असो की उबदार, खोल असो की उथळ, वसाहत करणाऱ्या प्राण्याची पहिली गरज तीच.

त्यावरच्या मार्लमध्ये जीवाश्मांची रेलचेल. समुद्री साळूंची कवचं, शिंपले, अमोनाइट या नामशेष समुद्री प्राण्याच्या गोल वेटोळ्यांचे तुकडे. दोन मुलं ओंजळीत शिंपले घेऊन आली, विकत घ्या म्हणाली. ऋताने घेतले नाहीत, पण प्रत्येक शिंपला बघून त्यांना तो कोणाचा ते सांगितलं आणि कुठून आणला ते विचारलं. थरातून उचललेला जीवाश्म कोणत्या उंचीवर होता, कुठल्या अंगावर पडलेला होता, शेजारी कोण होतं, ही सगळी माहिती एका क्षणात जाते. हे मला पूर्ण पटतं. इथून पिशव्या भरभरून नेणाऱ्यांना कोणी अडवत नाही, याचा मला संताप येतो.

मग आम्ही वर चढलो, प्रवाळी चुनखडकापर्यंत. पिवळसर-तांबूस, जाडाभरडा, हाताला खरखरीत दगड. जुन्या भूशास्त्रज्ञांनी नाव प्रवाळी दिलं, पण त्यात भरलेले तुकडे मुख्यतः ब्रायोझोआ या दुसऱ्याच वसाहती प्राण्यांचे आहेत. ऋताने दहा पट मोठं दाखवणारं भिंग दिलं, डोळ्याला लावून दगड जवळ आणायला शिकवलं. आणि दिसलं ते मी विसरणार नाही. दगड सगळाच्या सगळा बारीक काड्यांचा होता. आपल्या इंदुरी शेवेचा चुरा बशीत पडावा तशा, दोन-चार मिलिमीटर जाडीच्या, तुटक्या काड्या. प्रत्येक काडीवर ओळीने बारीक छिद्रं. एकेका छिद्रात एकेक प्राणी राहत होता, तोंडाशी स्पर्शकांचा झुबका घेऊन पाण्यातले कण गाळून खात होता. मधे शिंपल्यांचा चुरा, साळूचे काटे.

"आता मागे सरक आणि पूर्ण भिंत बघ," ती म्हणाली.

नाल्याच्या भिंतीत थर आडवे होते, पण प्रत्येक आडव्या थराच्या पोटात तिरप्या रेघा होत्या, एकीवर एक, एका बाजूला उतरत गेलेल्या. वाहत्या पाण्याने वाळू लोटली की तिच्या पोटात अशा तिरप्या रेघा पडतात. म्हणजे ही वाळूच होती, फक्त तिचा कण न् कण एके काळी जिवंत होता. ब्रायोझोआ त्या समुद्रात दाट वाढले, त्यांच्या नाजूक फांद्या तळावर उभ्या होत्या. पण पाणी उथळ होतं. भरती-ओहोटीचे प्रवाह, वादळातल्या लाटा तळापर्यंत पोचत होत्या. फांद्या मोडल्या, तुकडे घासले गेले, वाहून नेले गेले, बांधांच्या उतारांवर घसरून साचले. त्यातून दगड झाला, भित्ती झाली नाही.

ऋताची उरलेली अर्धी गोष्ट ही होती. खोल पाण्यात लाटांचा मार पोचत नाही. प्रवाह असतो, अन्न आणण्याइतका असतो, पण फांद्यांचा भुगा करत नाही. त्यामुळे प्रवाळ मेलं तरी सांगाडा जागच्या जागी उभा राहतो. आणि भित्ती उभी राहते ती या मेलेल्या सांगाड्यामुळे. मला ही सगळ्या प्रवासातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते, म्हणून जरा सविस्तर सांगते.

भित्तीचा जिवंत भाग म्हणजे फक्त वरचा, बाहेरचा थोडासा थर. फांद्या वर्षाला ५ मिलिमीटर ते अडीच सेंटिमीटर वाढतात. नवीन वाट्या वर फुटतात, खालच्या मरत जातात. मेलेल्या फांद्या वरच्या जिवंत फांद्यांना प्रवाहात उचलून धरतात, अन्न येतं त्या पाण्यात. शिवाय त्या फांद्यांच्या जाळ्यात एक समुद्री किडा राहतो, युनिस नावाचा. तो आपल्याभोवती कागदी नळी बांधतो, प्रवाळ त्या नळीवर स्वतःचा चुना चढवतं आणि शेजारशेजारच्या फांद्या एकमेकींना जोडल्या जातात. किड्याला घर मिळतं, भित्तीला बळकटी मिळते. उलट काम करणारेही आहेत. काही स्पंज मेलेल्या सांगाड्यात बिळं पोखरतात, पोखरलेल्या फांद्या कोसळतात, त्यांचा खच पडतो. पण तो खचही वाया जात नाही, कारण अळ्यांना बसायला नवीन घट्ट जागा मिळते.

आणि गाळ. प्रवाहाबरोबर बारीक गाळ सतत येत असतो. फांद्यांच्या जाळीत पाण्याचा वेग मंदावला की गाळ खाली बसतो, सांगाड्यांमधली जागा भरतो आणि त्यांना धरून ठेवतो. गाळ फार झाला तर प्रवाळ गुदमरतं, फार कमी झाला तर सांगाडा पोखरून भुईसपाट होतो. दोन्ही वेग जुळले की भित्तीची टेकडी होते. नॉर्वेच्या ट्रेना भागात तर लांबट भित्ती आहेत, सगळ्या एका दिशेला तोंड करून. प्रवाहाकडचं टोक जिवंत, मागे मेलेल्या प्रवाळाची शंभर-दीडशे मीटरची शेपटी. पिढ्यान् पिढ्या ती वसाहत प्रवाहाच्या विरुद्ध दिशेने पुढे सरकत आली, मागचं सगळं जिथल्या तिथे ठेवून.

मी परत भिंग लावून त्या तांबूस दगडातल्या काड्या बघितल्या. त्यांनाही प्रवाह मिळाला होता, घट्ट जागा मिळाली होती, अन्न मिळालं होतं. उभं राहायला मिळालं नाही. दादा बाजूला बसून आमचं बोलणं ऐकत होते. त्यांनी विचारलं, "मतलब समंदर यहीं तोड़ गया?" ऋता म्हणाली, "हां दादा, यहीं."

संध्याकाळी मनावरला मुक्काम. जेवायला दाल-पानिये होते. मक्याचं पीठ पळसाच्या पानांत धरून गोवऱ्यांवर भाजतात, वर गावठी तूप. इंदुरात मिळतात ते पानिये आणि हे पानिये यांत पुष्कळ अंतर आहे.

जेवताना ह्यांनी विचारलं, "टेकडी होते म्हणालीस, पण किती उंच?" ऋताने आयर्लंडच्या नैऋत्येच्या समुद्रातलं, पोर्क्युपाइन नावाच्या खोलगट भागातलं उदाहरण दिलं. तिथली चॅलेंजर टेकडी १५५ मीटर जाडीची आहे. २००५ साली आंतरराष्ट्रीय सागरी उत्खनन मोहिमेने ती वरपासून तळापर्यंत छेदली. वर प्रवाळ आणि गाळ, मध्ये प्रवाळ आणि गाळ, अगदी तळाशीही प्रवाळ आणि गाळ. सुरुवात सुमारे २६ लाख वर्षांपूर्वीची. मधल्या हिमयुगांत वाढ थांबायची, परिस्थिती सुधारली की परत सुरू व्हायची. अशा टेकड्या तळातून झिरपणाऱ्या वायूंवर पोसल्या जातात असं एक मत होतं. छेदून बघितलं तेव्हा टेकडीच्या पायथ्याशी त्याचा पुरावा मिळाला नाही, आणि प्रवाह, अन्न, गाळ यांच्या हिशेबानेच तिची वाढ उलगडते.

आणि हे फक्त युरोपात नाही. अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्याजवळ ब्लेक पठार नावाचा समुद्रतळ आहे. वर्षानुवर्षं घेतलेली मोजमापं जोडून २०२४ साली तिथला प्रवाळ टेकड्यांचा पट्टा प्रसिद्ध झाला: सुमारे ५०० किलोमीटर लांब आणि ११० किलोमीटरपर्यंत रुंद. इंदूरहून मुंबईला जायला जेवढा रस्ता, जवळपास तेवढी लांबी, आणि तिचा नकाशा पुरा व्हायला २०२४ साल उजाडावं लागलं.

ह्यांचं मूळ गाव देवगडकडचं, त्यामुळे पुढचा प्रश्न अपेक्षितच होता, "आपल्याकडे काय?" विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर अँग्रिया बँक आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाची, पाण्यात बुडालेली मोठी प्रवाळभूमी. पण तिचा माथा वीस-बावीस मीटरवरच आहे, ऊन पोचतं. तिथली प्रवाळं शैवालाच्या साथीने जगणारी. लोफेलियाचा संसार वेगळा.

रविवार : बाग

बागला पोचलो तेव्हा बाघिनी नदीच्या काठावर छापलेले कापड वाळत होते, लाल आणि काळे. छपाईवाल्यांकडे थोडा वेळ थांबलो, एक चादर घेतली. मग लेणी. पाचव्या-सहाव्या शतकातली बौद्ध लेणी, इथल्या वालुकाश्मात कोरलेली. १९२१ साली चित्रकार नंदलाल बोस इथे चित्रांच्या नकला करायला आले होते. मूळ चित्रांतली पुष्कळशी पुढे काढून ग्वाल्हेरच्या संग्रहालयात नेली. लेण्यांसाठी निराळा दिवस हवा, आम्ही तासाभरातच बाहेर आलो. ऋताचं लक्ष खांबांपेक्षा दगडाकडे होतं. हा निमार वालुकाश्म चुनखडकांच्या खालचा, म्हणजे जुना. समुद्र आत येण्याआधीची नदीची आणि मग किनाऱ्याची वाळू. ज्यांनी लेणी कोरली ते समुद्राच्या उंबऱ्यात छिन्नी चालवत होते.

समुद्र हटला, त्यावर गोड्या पाण्याचे थर पडले आणि त्यांत डायनोसॉरनी अंडी घातली. याच धार जिल्ह्यातून ९२ घरट्यांची आणि २५६ अंड्यांची नोंद २०२३ साली प्रसिद्ध झाली. मग लाव्हा आला आणि सगळं झाकलं गेलं. झाकलं गेलं म्हणूनच उरलं.

नदीकाठी झाडाखाली डबे उघडले आणि मी कालपासून मनात असलेली गोष्ट विचारली. खोल भित्तीला लाटा मोडत नाहीत, पण ट्रॉलरचं काय? ऋता थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली की तळावरून ओढायच्या ट्रॉल जाळ्याला लोखंडी दरवाजे असतात, जड चाकं असतात. ते भित्तीवरून एकदा गेलं की हजारो वर्षं उभा असलेला सांगाडा काही मिनिटांत खडी होतो. नॉर्वेतल्या संशोधकांनी २००२ साली अंदाज दिला होता की तिथल्या लोफेलिया भित्तींपैकी ३० ते ५० टक्के ट्रॉलिंगने कमी-अधिक दुखावल्या आहेत. स्कॉटलंडच्या वायव्येला सुमारे १००० मीटर खोलीवर डार्विन टेकड्या १९९८ साली सापडल्या, आणि थोड्याच वर्षांत त्यांच्यावर जाळ्याचे ओरखडे दिसले. २००३ साली तिथे तळावरचं ट्रॉलिंग बंद केलं. नॉर्वेने त्याआधी १९९९ मध्ये सुला भित्तीवर बंदी घातली होती. बंदीनंतरही मोडलेली भित्ती परत पूर्वीसारखी व्हायला किती पिढ्या लागतील, ते वर्षाला मिलिमीटरच्या हिशेबानेच मोजायचं.

म्हणजे जे निमाडच्या उथळ समुद्रात लाटांनी केलं, ते तिकडे ३०० मीटरवर आपण लोखंडाने करतो आहोत. मी हे मोठ्याने म्हटलं. ऋताने आणखी एक जोडलं. समुद्र हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो आणि पाणी आम्लतेकडे झुकतं. प्रवाळाचा सांगाडा अॅरागोनाइटचा, ते चुन्याचं लवकर विरघळणारं रूप. जिवंत फांदीवर मांसाचं आवरण असतं, ती काही काळ तग धरते. उघडा, मेलेला सांगाडा आधी विरघळायला लागतो, सच्छिद्र होतो, आणि वरच्या जिवंत फांद्यांच्या वजनाने खालून मोडतो. वरून सगळं ठीक दिसत असताना पाया जातो. काल नाल्यात तिने चुनखडकावर सौम्य आम्लाचा थेंब टाकून दाखवला होता, क्षणात फसफसला होता. समुद्राचं पाणी त्या थेंबाच्या मानाने फारच सौम्य आहे, पण त्याला वेळ भरपूर आहे.

परतीच्या वाटेवर, धारच्या अलीकडे, तिने एक गोष्ट सांगितली ती लिहून ठेवते. काचेच्या सांगाड्याच्या स्पंजांनी बांधलेल्या प्रचंड भित्ती जुरासिक काळात युरोपात होत्या. स्पेनपासून रोमानियापर्यंत त्यांचे खडक सापडतात. अशा भित्ती कधीच्या संपल्या, असंच सगळे धरून चालले होते. १९८७ मध्ये कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्याजवळ हेकेट सामुद्रधुनीचा तळ तपासताना त्या जिवंत सापडल्या, सुमारे ९००० वर्षांच्या. तिथेही सुरुवात हिमनगांनी उकरलेल्या दगडांवर, आणि तिथेही मेलेल्या स्पंजांच्या सांगाड्यांवर नवीन स्पंज, मध्ये अडकलेला गाळ. प्राणी वेगळा, सांगाड्याचं द्रव्य वेगळं, बांधायची रीत तीच. दगडात आधी वाचलेली गोष्ट पाण्यात नंतर भेटली. जीराबादच्या भिंतीसमोर उभं राहणाऱ्या विद्यार्थ्याला हे नक्की सांगायला हवं.

ज्यांना जायचं असेल त्यांच्यासाठी: नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला, मार्चनंतर निमाडचं ऊन उघड्या दगडावर सोसत नाही. पावसाळ्यात नाले भरलेले असतात. मांडवला राहायची सोय पुष्कळ, मनावर-कुक्षीला साधी पण पुरेशी. मनावरनंतर पेट्रोल आणि पाणी बरोबर असू द्या. दहा पटीचं भिंग न्याच, त्याशिवाय प्रवाळी चुनखडक नुसता खरखरीत दगड वाटतो. शेतातून जाताना मालकाला विचारा, गावातलं माणूस बरोबर घ्या आणि त्याला त्याच्या दिवसाची मजुरी द्या. थरातलं काहीही उचलू नका, फोटो काढा, शेजारी नाणं ठेवून काढा म्हणजे आकार कळतो.

जानेवारीत नववीच्या मुलांना जीराबादला न्यायची परवानगी मी शाळेत मागितली आहे. ऋताने जाताना तिच्या दृश्यांतले काही तुकडे माझ्याकडे ठेवले आहेत, ते मुलांना आदल्या दिवशी वर्गात दाखवायचे आणि मग दगडाकडे न्यायचं, असं ठरवलं आहे.